सात हजार टोपल्या

जुनापाणीला जायचं ते गवत वाळल्यावर. पावसाळ्यात आणि नंतरचे एक-दोन महिने माळ गवतानं असा भरून जातो की दगड दिसतात पण वर्तुळ दिसत नाही, आणि इथं पाहायचं असतं ते वर्तुळच. माघ सरता सरता गवत पिवळं पडतं, गुरं ते खाऊन टाकतात, पळसाला फुलं येतात आणि काळे दगड एकेक करून उघडे पडू लागतात. नागपूरहून काटोलच्या रस्त्यानं शहर मागे पडतं न पडतं तोच हा माळ लागतो. कपड्यांत कुसळं रुतत राहतात. एका दगडापाशी थांबून आजूबाजूला नजर टाकली की शेजारचा दगड दिसतो, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळी गोलाई. आपण कुणाच्या तरी दफनाच्या काठावर उभे आहोत हे तेव्हा कळतं.

अशी वर्तुळं एकट्या जुनापाणीत तीनशेच्या आसपास आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, हिंगण्याजवळचं रायपूर, वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा अशी नावं घेत गेलं तर नागपूरच्या चहूबाजूंनी मृतांच्या वस्त्यांची एक साखळीच उभी राहते. काळ ढोबळमानानं इसवी सनापूर्वी आठशे ते चारशे. तिकडे मगधात गौतम बुद्ध पायी हिंडत होते, तेव्हा इकडे या माळांवर दगड मांडणं चालू होतं. बुद्धाची वचनं शिष्यांनी पाठ करून ठेवली. इथल्या माणसांचं एक नावसुद्धा आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यांची भाषा कुठली, देव कुठले, ते स्वतःला काय म्हणवून घेत, यातलं काहीच दगडांत नाही. त्यांची नाणी नाहीत, लेख नाहीत. त्यांनी मांडलेलं मरण मात्र जागेवर आहे.

वर्तुळाची रचना साधी वाटते. कडेनं ओबडधोबड काळे दगड, आत किंचित फुगीर भराव. व्यास साधारण दहा मीटरपासून वीस मीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहून जास्त. खोदकाम केल्यावर दिसतं की भराव दोन गोष्टींचा आहे: लहानमोठ्या दगडगोट्यांचा थर आणि चिकट काळी माती. माळाची स्वतःची जमीन मुरमाड. म्हणजे ही काळी माती ओढ्या-नदीच्या काठावरून इथवर आणलेली आहे, मुद्दाम आणलेली आहे. तिच्याखाली थोडी हाडं, बहुतेकदा अर्धवट, आणि सोबत भांडी, लोखंड, तांबं, मणी.

मला या मातीचा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. १५ मीटर व्यासाचं एक मध्यम वर्तुळ घेऊ आणि भराव सरासरी अर्धा मीटर जाडीचा धरू. होतात ८८ घनमीटर. दगड-माती मिळून एका घनमीटरचं वजन दीड टनाच्या थोडं वर, म्हणजे सगळं मिळून १४० टन. डोक्यावरच्या एका टोपलीत २० किलो मावतं असं मानलं तर एका वर्तुळाला सात हजार टोपल्या लागतात. कडेचे दगड वेगळे. ते टोपलीत मावणारे नाहीत, ते लाकडाच्या तरफा लावून लोटत किंवा दोरखंडांनी ओढत आणावे लागले असतील. ओढा जवळ असेल आणि शंभर माणसं दिवसाला प्रत्येकी वीस खेपा घालत असतील, तर माती वाहण्यातच तीन-चार दिवस जातात. त्या शंभरांना खाऊ घालायचं, पाणी पुरवायचं, त्यांची पोरं सांभाळायची, हे पुन्हा वेगळं. जवळच्या चौघांनी गुपचूप उरकण्याजोगं हे काम नाही. एखाद्या मोठ्या गावानं किंवा चार लहान गावांनी मिळून आपले दिवस त्याला द्यायला हवेत.

आणि हे दिवस वर्षातून केव्हा मिळत असतील? पेरणी-कापणीच्या दिवसांत तर नाही. नायकुंड आणि भागीमोहारी इथं या लोकांची वस्तीही खोदकामात सापडली आहे, धान्याचे जळके दाणेही सापडले आहेत; घोड्यावर बसून वाऱ्यासारखे आले आणि गेले असे हे लोक नव्हते, शेती करणारे होते. मग मरण भर आषाढात आलं तर? वर्तुळांतली हाडं अपुरी असतात, त्यावरून अभ्यासकांनी असं अनुमान केलं आहे की देह आधी कुठे तरी ठेवला किंवा पुरला जाई आणि उरलेल्या अस्थी मागाहून इथं आणल्या जात. हे खरं असेल तर मरणाचा दिवस आणि वर्तुळाचा दिवस यांच्यात अंतर होतं. मरण स्वतःच्या वेळेला येई. वर्तुळ लोकांच्या सवडीनं होई.

इथं शतपथ ब्राह्मणाची आठवण येते. त्याच्या तेराव्या कांडात मृतासाठी मातीचा ढीग कसा रचावा याचं तपशीलवार विवेचन आहे. हा ढीग मरणानंतर लगेच करू नये, बऱ्याच काळानं करावा, मेल्याला किती वर्षं झाली हे लोकांच्या लक्षातही राहिलेलं नसावं, असं तो ग्रंथ सांगतो. ऋतूही सांगतो: शरद, नाही तर माघ, नाही तर उन्हाळा. ढिगाची उंची मृताच्या वर्णाप्रमाणे आणि स्त्री-पुरुष भेदाप्रमाणे किती असावी याचं मापही देतो. शूद्राचा ढीग गुडघ्याएवढा. आणि मग एक वाक्य असं येतं की जुनापाणीच्या माळावर उभं राहून त्याचा विचार करताना अंगावर काटा येतो. देवांना मानणारे लोक आपली श्मशानं चौकोनी करतात, असुर वृत्तीचे, पूर्वेकडचे वगैरे लोक ती गोल करतात, असा त्याचा आशय. ग्रंथकाराच्या नजरेसमोर विदर्भ होता असं म्हणायला काही आधार नाही आणि तसं मी म्हणतही नाही. पण त्या काळात मृताच्या मातीला गोल आकार द्यायचा की चौकोनी, यावरून माणसं एकमेकांना आपली आणि परकी ठरवत होती, हे तर उघड आहे. या माळावरची सगळी माणसं गोल करणाऱ्यांतली. त्यांची बाजू मांडणारा ग्रंथ झाला नाही. त्यांच्याकडून साक्षीला आहेत ते हे दगड.

बरं, गोल ढीग, भोवती कड, आत अस्थी, ही कल्पना पुढे संपलीही नाही. बौद्ध स्तूपाची मूळ घडण हीच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० साली मोठा स्तूप उजेडात आला, आणि त्या उत्खननात असलेले शांताराम भालचंद्र देव हेच विदर्भातल्या शिळावर्तुळांचे सर्वांत मोठे अभ्यासक. नागपूर विद्यापीठातर्फे त्यांनी १९६८-६९मध्ये टाकळघाट-खापा खोदलं, मग माहुरझरी. अरविंद जामखेडकरांच्या बरोबर नायकुंड. देवांचा त्याआधीचा गाजलेला ग्रंथ जैन मुनिसंघाच्या इतिहासावरचा. जवळ काहीच न बाळगणाऱ्या साधूंवर ज्यानं आयुष्याची ऐन वर्षं घालवली, त्याच माणसाच्या हाती सोन्यासकट, घोड्यासकट पुरलेली माणसं लागावीत, याला मी नुसता योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही. त्याग म्हणजे काय हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

कारण माहुरझरीत जे निघालं ते थक्क करणारं आहे. घोड्याचे सांगाडे, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज. लगामाच्या कड्या. तांब्याची मूठ आणि लोखंडी पातं असलेल्या कट्यारी. लोखंडी कुऱ्हाडी, त्यांना दांडा घट्ट आवळून धरणाऱ्या पट्ट्यांसकट. सोन्याचे दागिने, कार्नेलियनचे मणी, तांब्याची झाकणं आणि त्यांच्या टोकावर बसवलेले पक्षी. घोड्याच्या हाडांवर हत्याराच्या खुणा देवांना दिसल्या. धनी गेला म्हणून त्याचा घोडाही मारला गेला असावा. पेंच नदीच्या काठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. ती भट्टी पाहिली की कुऱ्हाडीची किंमत कळते. दगड फोडून आणायचा, कोळसा पाडायचा, भाते मारत तासन् तास धग राखायची, आणि शेवटी लोखंडाचा जो ओबडधोबड गोळा हाती येई तो ठोकून ठोकून त्यातून एक पातं. हे पातं जंगल तोडतं, शेत काढतं, घर उभं करतं. अशी पाती त्यांनी मातीखाली घातली, पुन्हा कधीही वर काढायची नाहीत अशा बेतानं.

संग्रहालयात काचेपलीकडे या वस्तू पाहताना आपण त्यांना संपत्ती म्हणतो. माझ्या मते तो शब्द इथं अपुरा आहे. त्यांनी जे जपून वापरलं, झिजवलं, मोडल्यावर पुन्हा वितळवलं, ते आपल्याला फारसं मिळालेलंच नाही. मिळालं आहे ते त्यांनी सोडून दिलेलं. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या कमाईवरून आपण नेहमी करून घेतो. इथं ती करून घ्यावी लागते ती त्यानं कशावर पाणी सोडलं यावरून. माळावरून चालताना ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पण पाणी सोडलं ते कुणासाठी? पुन्हा साधा हिशेब. चारशे वर्षं आणि तीनशे वर्तुळं. म्हणजे जुनापाणीच्या माळावर वर्षाकाठी एकसुद्धा वर्तुळ होत नव्हतं. एका वर्तुळात दोन-तीन माणसांच्या अस्थी असल्या तरी गावात मरणाऱ्यांच्या मानानं हा आकडा किरकोळ आहे. बहुसंख्य माणसं मेली ती या माळावर आली नाहीत. त्यांचं काय केलं गेलं, जाळलं, पुरलं की नदीत सोडलं, याची खूण मागे राहिलेली नाही. टोपल्या वाहणारी माणसं याच बहुसंख्यांतली असणार. त्यांच्या डोक्यावरून आलेली माती इथं आहे, ती स्वतः इथं नाहीत. म्हणून वर्तुळाच्या मध्याशी उभं राहून खाली कोण झोपलंय याची कल्पना करण्यापेक्षा मी कडेनं फिरतो. काळी माती कुठून आणली असेल तो ओढा शोधतो, तिथून माळापर्यंतचा चढ पायाखाली घालतो. रिकाम्या हातांनीही उन्हात तो चढ जाणवतो.

त्याच काळात किंवा जरा आधी पश्चिम महाराष्ट्रातले लोक आपल्या मृतांना घराबाहेर काढतच नव्हते. इनामगाव, नेवासा इथं घराच्या जमिनीखालीच दफनं सापडली. मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत त्याला निजवायचं. मोठं माणूस असेल तर घोट्याखालचे पाय तोडून पुरायचं. त्यानं उठून कुठे जाऊ नये, घरातच राहावं, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. विदर्भातल्या माणसांनी उलट केलं. मृताला वस्तीपासून दूर माळावर नेलं आणि त्याच्याभोवती दगडांची कड आखली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या मृत्युसूक्तातही जिवंतांसाठी अशी मर्यादा घालून मृत्यूला पलीकडे ठेवण्याची प्रार्थना आहे. पाय तोडणं आणि कड आखणं या दोन्हींमागे एकच काळजी आहे असं मला वाटतं. एका रीतीनं मृताला जवळ ठेवलं, दुसरीनं त्याला त्याची जागा नेमून दिली.

या दगडांचं पहिलं आधुनिक संशोधन एका मृत्यूशी जोडलेलं आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, नागपूरच्या भूस्तरांचे आणि जीवाश्मांचे पहिले जाणते अभ्यासक. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८६३च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले आणि परतताना पुराच्या पाण्यानं फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडताना बुडाले. त्याच साली नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं, लोकांच्या तोंडी अजब बंगला म्हणतात ते. पुढे रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची काही वर्तुळं खोदली. ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे कापूस आयुक्त. कडेच्या दगडांवर त्यांना वाटीसारखे कोरलेले खळगे दिसले, ओळीनं मांडलेले, आणि ब्रिटनमधल्या दगडांवरच्या तशाच खळग्यांशी त्यांनी ते ताडून पाहिले. त्याआधी मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं दक्षिणेतल्या सुरपूर भागातल्या दफनांचं वर्णन केलं तेव्हा शीर्षकातच केल्ट, द्रुइड आणि सिथियन आणले होते.

साहेबाला इथं त्याचे पूर्वज दिसले. गावकऱ्यांनाही आपापले दिसले. कर्नाटकात हिरेबेणकलच्या दगडी खोल्यांना मोऱ्यांची घरं म्हणतात, दक्षिणेत कितीतरी ठिकाणी त्या पांडवांच्या होतात. विदर्भात गवळ्यांचं नाव निघतं; एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींतही ते आहे. माळावर शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, “काय पाह्यता भाऊ?” मी म्हटलं, “हे गोल मांडलेले गोटे पाहतो काकाजी. कुणी मांडले असतील?” ते म्हणाले, “गवळ्यायचे व्हय थे. लय जुने.” आणि लगेच, “उचलू नोका पन.” या सगळ्या उत्तरांत मला त्यांचं उत्तर सर्वांत जबाबदार वाटलं, कारण त्यात दगडांशी कसं वागायचं तेही आलं. आजही या हाडांवर हक्क सांगणारे आहेत. घोडा सापडला की आर्य, शिळावर्तुळ म्हटलं की द्रविड, अशी घाई चालू असते. ज्यांनी आपलं नाव मागे ठेवलं नाही त्यांच्यावर आपलं नाव चिकटवू नये, एवढा आदर त्यांना द्यायला हवा.

गडचिरोलीच्या भागात माडिया गोंड आजही मृतासाठी दगड उभा करतात. आणि दगडाचं मृताशी असलेलं नातं शोधायला तेवढंही दूर जायला नको. दहन करणाऱ्या मराठी घरांत दहा दिवस जीवखडा सांभाळला जातो. चितेभोवती फिरताना मडकं फोडायला घेतलेला तो लहानसा दगड. त्यालाच गेलेलं माणूस मानून पाणी घालायचं, तिलांजली द्यायची, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तो विसर्जित करायचा. या खड्याचा उगम त्या वर्तुळांत आहे असा दावा करायला कुठलाही पुरावा नाही. तरी मुठीत मावणारा तो खडा हातात घेतलेल्या माणसाला जुनापाणीचे दगड परके वाटायचं कारण नाही. देह गेल्यावर हातात काहीतरी जड लागतं, हे दोघांनाही ठाऊक आहे.

एक फरक मात्र मोठा आहे. जीवखडा सोडून द्यायचा असतो. वर्तुळाचा दगड हलवायचा नसतो. त्याचं सगळं सांगणं तो जिथं आहे तिथं असण्यावर आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या खळग्यांचे दगड वर्तुळात कोणत्या दिशांना आहेत हे मोजून त्यांचा आकाशातल्या उगवत्या-मावळत्या जागांशी संबंध लागतो का ते तपासलं. त्यांचा निष्कर्ष कुणी मानो न मानो, हा प्रश्न विचारता आला तो दगड अडीच हजार वर्षं जागचे हलले नाहीत म्हणून. दगड उचलून संग्रहालयाच्या बागेत नेऊन मांडला तर खळगे राहतील, दिशा जाईल. कट्यार काचेच्या कपाटात सुरक्षित आहे. ओढ्यापासूनचा चढ, वर्तुळावरून दिसणारं पाणी, एका वर्तुळातून दुसऱ्याकडे जाणारी नजर, हे कुठल्याही कपाटात ठेवता येत नाही. तिथं पायी जाणं हाच ते वाचण्याचा मार्ग.

आणि ती जागा झपाट्यानं संपते आहे. जुनापाणीसारखी काही ठिकाणं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. निळा फलक आहे. पण बारीकसारीक पाच-दहा वर्तुळांचे समूह सगळीकडे विखुरलेले आहेत आणि त्यांच्यावर फलक नाही. नागपूर शहर चारी अंगांनी पसरतंय. माळ म्हणजे लेआउटला सोयीची सपाट जागा, आणि खाली रस्त्याच्या भरावाला हवा तोच मुरूम. ज्या वर्तुळाला गावानं आठवडा दिला ते जेसीबी सकाळच्या चहाआधी सपाट करतो, आणि तो चालवणाऱ्या पोराचा त्यात दोष नसतो, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

ही वर्तुळं बहुतेकदा ज्या जमिनीवर आहेत तिची सातबाऱ्यावर नोंद असते पोटखराब म्हणून. लागवडीला निरुपयोगी. त्याच सातबाऱ्यावर इतर अधिकारांचा रकाना असतो. तिथं कुळाचं नाव लिहितात, बँकेचा बोजा लिहितात, भावाचा विहिरीतला हिस्सा लिहितात. प्रत्येक गटात किती वर्तुळं आहेत हे मोजून त्या रकान्यात तेवढी एक ओळ चढवावी, असं माझं मागणं आहे. विद्यापीठातल्या मुलांनी गवत वाळल्यावर चार उन्हाळे फिरून मोजणी करावी, ग्रामसभेत ती वाचून दाखवावी, तलाठ्यानं नोंद घ्यावी. मग मुरुमाच्या परवान्याचा अर्ज तहसील कचेरीत येईल तेव्हा सही करणाऱ्याला ती ओळ वाचूनच पुढे जावं लागेल.